पेवाला वारं

माझा थोरला भाऊ भरमू पेवात गुदमरून मेला, ते लढाईचं पाचवं वर्ष होतं आणि दसऱ्याच्या सुट्टीचा शेवटचा दिवस होता. हे वाक्य मी नंतर इतक्या जणांना सांगितलं, की ते मला पाठ झालं. बेळगावात कॅम्पातल्या ज्या शाळेत मी सायन्स शिकवत होतो तिथल्या हेडमास्तरांना सांगितलं, घरमालकाला सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, बघ, परक्या माणसाला वाईट वाटतंय, आता तुलाही वाटायला हवं. पण काही वाटायचं नाही. दातांच्या डॉक्टरानं हिरडीत औषध टोचलं की गाल आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसा मी आतून झालो होतो. घंटा झाली की वर्गात जायचो, घंटा झाली की बाहेर यायचो. बायको म्हणायची, एकदा मोकळेपणानं रडून घ्या. जसा काही मी नळ होतो आणि कुणीतरी चावी फिरवायचीच बाकी होती.

आमचं गाव कोगनोळीच्या अलीकडं, सडकेपासून कोसभर आत. तिथं घरटी एक पेव असायचं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड इतकं अरुंद, की एक माणूस जेमतेम आत शिरावा. खाली पोट मोठं आणि दोन पुरुष खोल. आत चहूबाजूंनी कडबा लावायचा, शिमग्याच्या आसपास शाळू जोंधळा भरायचा, तोंडावर फरशी ठेवून वर चिखल थापायचा. पावसाळा वरून निघून जायचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेव फोडायचं.

फोडायचीही रीत होती. लोक म्हणत, दाण्यावर पेवाची माय निजलेली असते. सहा महिने ती आत श्वास घेत पडलेली असते. तोंड उघडलं की घरच्या बाईनं तिथं ओटी ठेवायची, "ऊठ गं माये, लेकरं भुकेली हाईत," असं म्हणून तिला जागं करायचं, आणि मग तिला उठून जायला सवड द्यायची. याला पेवाला वारं देणं म्हणत. कधी दिवस लागे, कधी दोन. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तळापर्यंत जळत राहिला तर मायनं जागा सोडली. विझला तर ती अजून आतच आहे, पुन्हा थांबायचं.

मी पडलो सायन्सचा पदवीधर. ही माय आणि तिची झोप ऐकून मला हसू यायचं, आणि मी ते लपवतही नसे. आज सांगतो, त्या रीतीत जेवढं सायन्स होतं तेवढं माझ्या शाळेच्या कपाटात नव्हतं. ते लुगडं नेसून आलं होतं, म्हणून मला ओळखता आलं नाही, इतकंच.

त्या दिवशी मला दुपारची सर्व्हिस मोटार धरायची होती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, आणि एक चुकली तर दुसरीचा भरवसा नसे. बेळगावात रेशनवर किडकं, जुनाट धान्य यायचं. बायकोनं बजावलं होतं, येताना गावचा जोंधळा घेतल्याशिवाय येऊ नका. म्हणून अण्णानं सकाळीच पेव फोडलं. भरमूला मी अण्णा म्हणायचो. माझ्या पायलीभर जोंधळ्यासाठी त्यानं ते चार दिवस आधी फोडलं.

फरशी सरकवली तशी आतून ऊन वाफ आली. तिला आंबूस वास होता. "औंदा पाणी झिरपलंय जणू," अण्णा म्हणाला. त्याची बायको मनुवहिनी, तिनं ओटी ठेवली, मायला हाक दिली आणि ती भाकरी थापायला आत गेली. आई नातीला, जयीला, घेऊन सोप्यात बसली होती. घरामागच्या परड्यात पेवापाशी आम्ही दोघेच उरलो. ऊन चढेपर्यंत आम्ही तंबाखूच्या गोष्टी बोललो. यंदा निपाणीला पान कसं उतरेल, वगैरे. मग मी दोनदा सूर्याकडं बघितलं, आणि अण्णा कंदील घेऊन आला.

चार हात खाली जाईपर्यंत तो जळत होता. मग ज्योत बारीक झाली आणि विझली.

"इजला रं," अण्णा म्हणाला. "उद्या बघू, परसू."

"उद्या माझी शाळा हाय, अण्णा. रॉकेलात पाणी हाय, दुसरं काय? लढाईचं रॉकेल असलंच. काल सोप्यातबी इजला की त्यो."

"व्हय, इजला हुता खरा."

"मग? आन् तुझी ती माय काय माझी मोटार थांबवून धरणार हाय?"

तोही हसला. आदल्या दिवशी कंदील विझला होता तो वाऱ्यानं, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पण अण्णा चौथीपर्यंत शिकलेला. मी जे बोलेन ते छापील आहे असं तो समजायचा. "मास्तर म्हणतोय तर आसंल," म्हणाला, आणि दोर धरून उतरला.

"पाटी सोड," एवढं खालून ऐकू आलं. मी दाण्याची पाटी दोरीनं खाली सोडली. दोरीला ओढ लागायची वाट बघत राहिलो. ती हलली नाही. मी हाक मारली. दुसरी हाक मारायच्या आधीच मला सगळं कळलं. नुसतं कळलं नाही, तर पुस्तकाच्या पानासकट कळलं, उजवीकडचं पान, खाली आकृती.

आणि मी खाली उतरलो नाही. हे नीट लिहून ठेवतो. उतरलो तर मीही पडणार हे मला पक्कं ठाऊक होतं. जे ज्ञान अण्णाच्या कामी आलं नाही, त्यानं मला मात्र वाचवलं. मी ओरडलो. शेजारचे रवळूतात्या धावत आले, माणसं जमली. लिंबाचे डहाळे दोरीला बांधून ते पेवात वरखाली करत वारं घातलं, मग एकजण कमरेला दोर बांधून उतरला. अण्णाला वर काढलं तोवर पाऊण तास झाला होता.

"कंदील सोडला हुता न्हवं?" रवळूतात्यांनी विचारलं.

"सोडला हुता," मी म्हणालो.

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यांनी पुढं विचारलं नाही, मी पुढं सांगितलं नाही.

पण त्या दोन शब्दांनी काय केलं ते बघा. कंदील सोडल्यावर माणूस आत उतरला, म्हणजे कंदील जळला. कंदील जळला, म्हणजे माय उठली. माय उठली, तर मग भरमूला धरलं कुणी? आईनं उत्तर शोधलं. ओटीच विटाळाची होती. मनुवहिनी त्या आठवड्यात बाहेर बसली होती. ओटी ठेवली तो तिचा चौथा दिवस, डोक्यावरून पाणी घेऊन झालेलं. ती तसं म्हणालीही. पण बायकांनी तिला पुन्हा विचारलं, नक्की चौथा का? मग आणखी एकीनं विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती गप्प झाली आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागली. दिवसकार्यं उरकून मी बेळगावला निघालो तेव्हाही ती गोठ्याच्या दारात बसून पेरंच मोजत होती. मी तिच्या अंगावरून गेलो. मोटार मिळाली.

दिवाळीनंतर वर्गात श्वसनाचा धडा आला. हा धडा मी बारा वर्षं शिकवत होतो आणि चांगला शिकवत होतो. रुंद तोंडाच्या बरणीत मोड आलेली मटकी घालायची, बूच लावायचं, दुसऱ्या दिवशी बूच काढून जळती काडी आत धरायची. काडी विझते. मग चुन्याची निवळी त्या हवेत धरायची, ती दुधासारखी होते. मुलांना सांगायचं, बघा, मटकीनं प्राणवायू वापरला आणि कर्बवायू सोडला. यंदाही ते सगळं केलं. माझा आवाज कापला नाही. फळ्यावर मी सुबक अक्षरात लिहिलं, की प्रत्येक जिवंत पेशी साखर सावकाश जाळते आणि त्यातून शक्ती मिळवते. काडी विझली तेव्हा मी तिच्याकडं बघितलं, आणि दुसरी पेटवून तीही विझवली, मागच्या बाकांना दिसावं म्हणून. माझ्यात काही बिघडलंय असं मला वाटलं ते त्या दिवशी. पण ते वाटणंही दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं होतं.

त्याच आठवड्यात कार्ड आलं. आईनं सांगितलेलं, रवळूतात्यांच्या हातचं. मनुबाईला आम्ही धान्याला हात लावू देत नाही, असं किती दिवस चालणार. सोमवारी तिचा भाऊ येऊन तिला कडोलीला माहेरी नेईल, कायमची. पोरगी इथंच राहील. तू रविवारी येऊन जा.

मी मटकी भिजत घातली.

शनिवारी संध्याकाळी तिला मोड आले तसं बरणीला बूच लावलं आणि रविवारी सकाळी बरणी मांडीवर घेऊन मोटारीत बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं. वहिनीवरचा आळ उतरवायचा, तिची पोर तिच्यापासून तुटू द्यायची नाही. त्यासाठी दाणा श्वास घेतो एवढं दाखवलं की पुरे. कंदिलाचा विषय निघालाच, तर दोरी तोकडी होती, तळापर्यंत पोचली नाही, जड वायू खालीच राहिला, असं सांगायचं. सायन्सच्या दृष्टीनं त्यात चूक काढता आली नसती. मोटार वाटेत दोनदा बंद पडली तेवढ्या वेळात मी ते वाक्य घोटून गुळगुळीत केलं.

आई सोप्यात मिसरी लावत बसली होती. वहिनी खांबाच्या पलीकडं, भिंतीशी. जयी तिच्या मांडीवर झोपली होती. महिन्याभरात वहिनीचा चेहरा वाळून गेला होता, आणि अंगठा पेरांवरून फिरतच होता. मी बरणी मधोमध ठेवली.

"वैनी, ह्या मटकीला मोड आल्यात. म्हंजे ती जित्ती हाय न्हवं?"

"व्हय की," ती म्हणाली. किती दिवसांनी तिला कुणी काही विचारलं होतं कोण जाणे.

"जित्तं हाय त्ये श्वास घेणार. मटकीला नाक न्हाय, पर ती घेती. आपल्या अंगात डोळ्यास्नी दिसत न्हाईत असल्या बारीक खोल्या हाईत, लाखांनी. पेशी म्हणत्यात त्यास्नी. दाण्यातबी हाईत. हर खोलीत एक चूल आसती. जाळ दिसत न्हाय, पर जळत आसती. खाल्ल्यालं त्ये सरपण, आन् हवा लागतीच, हवेबिगर चूल जळंल व्हय? त्या चुलीच्या जिवावर हात हालतो, अंग ऊन ऱ्हातं, मटकीला मोड फुटतो. आन् चूल म्हणल्यावर धूर आलाच. ह्यो धूर दिसत न्हाय. जड आसतो, खाली बसतो."

बूच काढलं, काडी पेटवून आत धरली. विझली. आईनं मिसरीचं बोट तोंडातच ठेवून बघितलं.

"म्या लावू?" वहिनीनं विचारलं. तिनं जयीला अलगद खाली ठेवलं, काडी पेटवली, बरणीत धरली. विझली. आणखी एक. तीही विझली. ती बराच वेळ बरणीकडं बघत राहिली.

"पर जोंधळा तर वाळल्याला हुता. त्येला मोड कुठं आलतं?"

"वाळला तरी जित्ता आसतो, वैनी. चूल बारीक करून ठेवतो, एवढंच. औंदा पाणी झिरपलं, तवा ती भडकली. समदी हवा खाऊन टाकली त्यानं."

"पेवातला दाणा पेरीत न्हाईत," ती हळूच म्हणाली. "उगवत न्हाय. म्हंजे त्योबी आत गुदमारून मरतूया."

बारा वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला हे म्हटलं नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. लहानपणापासून मी बियाणं वेगळं, कणगीत ठेवलेलं बघत होतो.

"मग ओटीचं काय?" तिनं विचारलं.

"ओटीचा काय संबंध न्हाय. तुमचा तिसरा दिस आसू दे न्हायतर चौथा. दाण्याला त्यातलं काय कळत न्हाय."

तिचा अंगठा थांबला. आईनं चूळ भरायला तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. झालं, मला वाटलं. संध्याकाळची मोटार धरता येईल.

"भावजी," वहिनी म्हणाली, "दाण्यानं समदी हवा खाल्ली, तर मग त्यादिशी कंदील कसा जळला?"

तिच्या विचारण्यात संशय नव्हता. तिला समजलं होतं, म्हणून तिनं विचारलं. चांगला विद्यार्थी विचारतो तसं. दोरी तोकडी होती, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मला भीती वाटली. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ती भीती होती. मी तोंड उघडलं आणि गुळगुळीत केलेलं वाक्य आलंच नाही.

"जळला न्हवता," मी म्हणालो. "चार हातांवर इजला. अण्णा म्हणाला, उद्या बघू. मला मोटार धरायची हुती. मीच म्हणालो, रॉकेलात पाणी हाय, उतर."

बाहेर कोंबडी कलकलत होती.

"ही बरणी," वहिनी म्हणाली, "ही तवा ठावं हुती तुमास्नी?"

"बारा वर्सं पोरास्नी दाखवतोय."

आई उठून उभी राहिली. "परसू, बास. ह्ये घराभायेर जायाचं न्हाय. एक गेला माझा. आता गावानं दुसऱ्याला भावाचा काळ म्हणायचं, आन् त्ये म्या ऐकायचं व्हय? मने, उद्या तुझा भाऊ येतूया. तू गप जा त्याच्यासंगं."

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर छातीवरचा दगड उतरेल. दगड होता तिथंच राहिला. आई मला वाचवत होती आणि मी तिला वाचवू देत बसलो होतो.

"चौथाच दिस हुता माझा, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "मला ठावं हुतं. तुमी समद्यांनी मिळून इचारलासा, तवा माझंच मला खरं वाटंना."

आणि ती रडली. अण्णाला वर काढलं तेव्हा ती रडली नव्हती, सरण पेटलं तेव्हा रडली नव्हती. आपल्याच हातून नवरा गेला असं मानणाऱ्या बाईनं रडायचं तरी कोणत्या तोंडानं? आता ती नवरा मेलेल्या बाईसारखी, गळा काढून, त्याचं नाव घेऊन रडली. जयी जागी होऊन तीही रडायला लागली. मी त्या दोघींकडं बघत होतो आणि मला त्यांचा हेवा वाटला.

रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. उठली आणि थेट धान्याच्या कणगीपाशी गेली. त्या पेवातलाच जोंधळा होता तो, नंतर लोकांनी काढून आणून टाकलेला.

"मने," आई म्हणाली.

वहिनीनं मागं वळून बघितलं. दोघींची नजर एकमेकींना भिडली आणि आईनं आपली खाली घेतली. वहिनीनं ओंजळीओंजळीनं जोंधळा सुपात घेतला, पाखडला आणि जात्याशी बसली. सोप्यात जात्याचा आवाज भरला. मध्येच तो थांबायचा, ती घास घालायची आणि पुन्हा सुरू व्हायचा. मी उठून जायला हवं होतं. कुठं जायचं ते सुचलं नाही.

चूल पेटली, भाकरी झाल्या. तिनं आईपुढं ताट ठेवलं. आईनं भाकरीकडं बराच वेळ बघितलं. मग एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिली.

"उद्या तुझा भाऊ आला," घास गिळून ती म्हणाली, "तर त्याला म्हणावं, जेवून एकटाच जा."

वहिनीनं मान हलवली. जयीला पुढ्यात घेऊन कालवणात कुस्करलेली भाकरी भरवली, मग स्वतःचं ताट घेतलं. तिघी जेवत होत्या. माझ्यासाठी ताट मांडलं नव्हतं, आणि मांड असं आईनंही सुनेला सांगितलं नाही. टोपलीत भाकरी उरल्या होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो, आणि मला लाज वाटावी इतकी भूक लागली होती.